दूध सोडलं, आता चहात काय?

मागच्या अंकात एका आजोबांच्या ‘दूध पचत नाही’ या पत्राला मी चार ओळींत उत्तर दिलं आणि शेवटी लिहिलं, ‘सोया, बदाम वगैरेचं दूध घेऊन पाहा.’ त्या ‘वगैरे’नं घात केला. कुठलं, कुणी, कशासाठी, काहीच लिहिलं नव्हतं. महिनाभर त्याच ‘वगैरे’बद्दल पत्रं येताहेत. संपादक म्हणाले, आता या वेळी दुसरा विषय घेऊच नका. गठ्ठ्यातली पाच पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

मिस्टर ६१ वर्षांचे आहेत. दोन वर्षं झाली, पोट फुगतं, गुरगुरतं, सकाळी दोन-तीनदा जावं लागतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दुधातली लॅक्टोज ही साखर पचत नाही. म्हणून बदामाच्या दुधाचं पाकीट आणलं, लिटरला पावणेतीनशे रुपये. चहात घातलं की चोथापाणी वेगळं होतं. त्यांना तीन वेळा चहा लागतो, आणि रात्री मोठा पेलाभर हळदीचं दूध. चहाला चालेल असं दूध कोणतं? (नाशिक)

ताई, विचारलंत चहाचं, पण मला खटकलं ते हळदीचं दूध, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय.

हिशेब करू. १०० मिलिलिटर दुधात लॅक्टोज साधारण पावणेपाच ग्रॅम. चहाच्या कपात दूध जातं ६० मिलिलिटर, म्हणजे तीन ग्रॅमही नाही. रात्रीचा मोठा पेला ३०० मिलिलिटरचा धरला तर एका दमात चौदा ग्रॅम. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, तेही खाण्यासोबत, फारसा त्रास न होता चालतं. लहान आतड्यात ही साखर तोडणारं लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते वयाबरोबर कमी होतं. एकदम बंद पडतंच असं नाही. तेव्हा पंधरा दिवस चहा आहे तसा ठेवा, साध्या दुधाचाच, आणि फक्त रात्रीचा पेला बंद करा. पोट शांत झालं तर चोर सापडला. मग हळदीसाठी लॅक्टोजविरहित दूध आणा. ते खरं दूधच असतं, फक्त त्यात ते विकर आधीच घातलेलं असतं. म्हणून किंचित गोड लागतं. दही-ताक बहुतेकांना सोसतं, तुपाचा तर प्रश्नच नाही. मात्र वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर हे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आता बदामाचं पाकीट. इथे मला माझीच फजिती सांगावी लागेल. सासूबाईंचं दूध बंद झालं तेव्हा मी, आहारशास्त्र शिकलेली आणि लोकांना शिकवणारी बाई, आठ महिने त्यांना बदामाचं पेय देत होते. पाकिटावर पुढे बदामांचा हा ढीग! एक दिवस चष्मा लावून मागची बाजू वाचली. बदाम २ टक्के. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात चार ग्रॅम, मोजून तीन-चार बदाम. घटकांत पाण्याच्या खालोखाल साखर. प्रथिनं ग्रॅमभरसुद्धा नाहीत, आणि तेवढ्याच गाईच्या दुधात सहा-साडेसहा ग्रॅम असतात. सासूबाई तोवर तीन किलोनं उतरल्या होत्या आणि मी ते उन्हाळ्यावर ढकलत होते. तेव्हापासून दुकानात पाकीट हातात आलं की मी आधी उलटं करते. दुकानदार वैतागतात, वैतागोत.

चहात ते नासतं याची दोन कारणं. चहा उकळता आणि किंचित आंबट, दूध फ्रीजमधलं गार. बदामाची प्रथिनं त्या धक्क्यानं आणि चहातल्या टॅनिननं गोळा होतात. चहा गाळून घ्या, दूध वेगळं कोमट करा आणि कपात वरून सावकाश ओता. पातेल्यात घालून पुन्हा उकळी आणायची सवय मोडावी लागेल. आलं मात्र पाण्यातच उकळून घ्या. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं. साध्या दुधात कच्चं आलं किसल्यावर तेही नासतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. उकळल्यावर ते विकर मरतं.

एवढं करून चहासाठी हवंच असेल तर बिनसाखरेचं सोया, नाहीतर ‘बरिस्ता’ लिहिलेलं ओट. बरिस्ता म्हणजे त्यात थोडं जास्त तेल आणि आम्लता नियंत्रक ३४० घातलेला असतो, म्हणून चहा-कॉफीत फुटत नाही. हा ३४० म्हणजे पोटॅशियमचं फॉस्फेट. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हा आकडा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

आमच्याकडं दरवर्षी सोयाबीन असतं. पोरगी पुण्याला शिकायला हाय, तिनं दूध-दही सगळं सोडलं, जनावरांचं नको म्हणती. तिथं सोयाच्या दुधाची पाकिटं घेती. आमच्या घरात पोती पडलेली अन् पोरगी त्येच इकत घेती! घरी दूध करता येतं का? तिचे वडील म्हणतात ते तेलाचं न् पेंडीचं पीक, माणसानं खायचं नाही. भाऊ म्हणतो पोरांनी पिलं तर बायकांवानी होतंय. खरं काय? (लातूर जिल्हा)

या गठ्ठ्यातलं माझं सगळ्यात लाडकं पत्र हे. ताई, तुमच्या घरात पोत्यात जे पडलंय ते दुधाच्या सगळ्यात जवळ जाणारं धान्य आहे. प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाशी बरोबरी करतं ते मुख्यतः सोयाचं दूध; बाकीची बहुतेक चवीला आणि रंगाला दूध. मुलीच्या वडिलांचंही अगदी चुकीचं नाही. आपल्याकडे सोयाबीन पसरलं ते तेल आणि पेंड यांच्यासाठीच. पण चीन-जपानात ते शतकानुशतकं माणसाच्या ताटात आहे.

सगळ्यात आधी एक धोका सांगते, कारण तो फक्त तुमच्यासारख्या घरातच असतो. पेरणीसाठी आणलेल्या बॅगेतलं उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्याला बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केलेली असते. लाल-गुलाबी रंग दिसतो तो त्याचाच. धुऊन, भिजवून, उकळून ते विष जात नाही. घरी बीजप्रक्रिया केलेलं बीही तसंच, मग त्याला रंग असो नसो. खळ्यावरचं, रास करून ठेवलेलं, बुरशीचा वास नसलेलं पिवळं सोयाबीनच घ्या. जेएस ३३५ असो की फुले संगम, दुधाला दोन्ही वाण चालतात.

२०० ग्रॅम निवडून रात्रभर भिजत घाला. उन्हाळ्यात पाणी एकदा बदला, नाहीतर आंबतं. सकाळी हातानं चोळलं की साल सुटते, पाण्यावर तरंगते. जमेल तेवढी काढा. आता खरी गोम. सोयाबीन गार पाण्यात वाटलं की त्यातलं एक विकर तेलावर काम करायला लागतं आणि तो उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो, ज्याच्यामुळे माणसं एका घोटात सोयाचं दूध नाकारतात. म्हणून भिजलेले दाणे आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून. ते पाणी फेका. मग दोन लिटर गरम पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमध्ये वाटा. भांडं अर्धंच भरा आणि झाकणावर फडकं दाबून धरा. मी एकदा पूर्ण भरलं होतं. स्वयंपाकघराच्या छताला अजून डाग आहे.

पंच्यातून पिळून घ्या आणि खोलगट पातेल्यात उकळायला ठेवा. इथे हे दूध फसवतं. साध्या दुधाआधीच फेस चढतो, उतू जायला येतो, आणि वाटतं उकळी आली. ती उकळी नसते. आच कमी करा, पळीनं फेस मोडा, आणि खरी उकळी आल्यावर पुढे वीस मिनिटं मंद ठेवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा एक घटक असतो. तो इतकं उकळल्यावरच निकामी होतो. अर्धवट उकळलेलं प्यायलं की मळमळ होते, पोट बिघडतं, आणि मग दोष सोयाबीनच्या माथी. शेवटी चिमूट मीठ, वेलची, हवं तर थोडा गूळ, पण गूळ कोमट झाल्यावर. फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं.

दीड लिटरच्या वर दूध निघतं, पेल्याला (२५० मिलिलिटर) सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आणि खर्च? २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावानं २०० ग्रॅम दहा रुपयांच्या आत. (हमीभाव तुमच्या आडतीत प्रत्यक्ष कुणाच्या पदरात पडला, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.) पंच्यात उरलेला चोथा टाकू नका, तो थालीपिठाच्या पिठात मळा. पण तो पूर्ण शिजलेला नसतो, म्हणून थालीपीठ पातळ थापा आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी नीट भाजा. त्याच दिवशी संपवा, लवकर आंबतो.

दोन गोष्टींत हे घरचं दूध कमी पडतं. कॅल्शियम थोडंच असतं. पेल्याला साठ-सत्तर मिलिग्रॅम असेल, गाईच्या दुधात तीनशेच्या घरात. पाकिटात ते बहुतेकदा वरून घातलेलं असतं आणि तळाशी बसतं, म्हणून मुलीला सांगा, पाकीट आधी खळखळून हलव. मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम. तिचा मोठा भाग भाकरीनं भागवता येतो, बाजरी-ज्वारीच्या नाही, नाचणीच्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शेवग्याचा पाला तुमच्या बांधावर असेलच. तिळातही भरपूर, पण सालीसकट तिळातलं सगळंच अंगी लागत नाही.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. ते ना सोयाबीनमध्ये, ना नाचणीत, ना पालेभाजीत. शाकाहारी घरात ते दुधा-दह्यातूनच येतं, आणि तेही पुष्कळांना पुरत नाही. दूध-दही दोन्ही सोडलेल्या मुलीनं रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायलाच हवी. तिच्या मताशी वाद घालू नका, गोळी घेतलीस का एवढं विचारत जा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोया यांच्यात चारेक तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

भावाला सांगा, रोजचे एक-दोन पेले पिणाऱ्या पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम झाल्याचं अभ्यासांतून दिसलेलं नाही. त्यानं खुशाल प्यावं.

बाळ नऊ महिन्यांचं आहे. माझं दूध कमी पडतं म्हणून डब्याचं सुरू केलं, तर तोंडाभोवती लाल चट्टे आणि उलट्या. डॉक्टरांना दुधाची ॲलर्जी वाटते, तपासण्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात शेळीचं दूध द्या. मैत्रीण म्हणते घरी बदामाचं करून दे. (कल्याण)

दोन्ही देऊ नका.

ॲलर्जी आणि न पचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकच्या काकांचं भांडण दुधातल्या साखरेशी, तुमच्या बाळाचं प्रथिनांशी. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या इतकी सारखी असतात की बाळाचं शरीर बहुतेक वेळा त्यांनाही तसंच चिडतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला बदाम, ओट, तांदूळ, नारळ यांपैकी कुठलंही दूध मुख्य दूध म्हणून पुरत नाही. घरी कितीही प्रेमानं केलेलं असो. आईचं दूध, किंवा ॲलर्जीच्या बाळांसाठी प्रथिनं आधीच तोडून केलेली डब्याची खास पावडर, आणि तीही बालरोगतज्ज्ञ सांगतील तीच. सोयाची पावडरसुद्धा स्वतःच्या मनानं नको. काही बाळांना दूध आणि सोया दोन्हींची ॲलर्जी असते. तुम्ही पाजत असाल तर तुमच्या खाण्यातलं दूध बंद करायचं का, हेही त्यांनाच विचारा.

तांदळाच्या दुधाचा सल्ला कुणी दिला नाही अजून, पण देतील. तांदळात आर्सेनिक उतरतं, म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना तांदळाचं पेय दुधाऐवजी देऊ नका असं सरकारी अन्नसुरक्षा संस्थाच सांगते. सासूबाईंना नाचणीचं सत्त्व करायला सांगा. त्यांचा हात कामाला लागेल आणि बाळाचं पोटही भरेल. ते खाणं म्हणून द्या, बाटलीत घालून दूध म्हणून नको. पुन्हा चट्टे आले आणि श्वास लागला, घरघर झाली, तर पत्र लिहीत बसू नका, थेट रुग्णालय.

आम्ही दोघं म्युनिकला असतो. इथे दुकानात एक पूर्ण भिंत या पेयांची. कुठेही ‘मिल्श’ म्हणजे दूध असं लिहिलेलं नाही, नुसतं ‘हाफरड्रिंक’ (हाफर म्हणजे ओट), ‘सोयाड्रिंक’. आम्ही महागातलं ‘बायो’, म्हणजे सेंद्रिय, ओट घेतो. साखर घातलेली नाही असं लिहिलंय, तरी गोड कसं लागतं? आणि याचं दही लागतं का? दोनदा विरजण लावलं, नुसती पेज झाली. (म्युनिक, जर्मनी)

‘मिल्श’ नाही कारण युरोपीय न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं की दूध हा शब्द जनावराच्या दुधालाच. आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये असंच बजावलं, म्हणून इथल्या पाकिटांवर ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ असतं. नारळाच्या दुधाला दोन्हीकडे सूट आहे, ती परंपरेनं.

गोडीचं उत्तर ओट करण्याच्या पद्धतीत आहे. नव्वदच्या दशकात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी ही युक्ती काढली: ओटच्या पिठाच्या खळीवर विकरं सोडायची, म्हणजे पिष्ट तुटून साखर होते, मुख्यतः माल्टोज. खळ पातळ होते, गोडही होते. साखर ‘घातलेली’ नसते, ‘झालेली’ असते. मागच्या बाजूला १०० मिलिलिटरला तीन-चार ग्रॅम साखर दिसेल, ती हीच. मधुमेह असेल तर ती मोजायची.

तुमच्या महागाच्या ‘बायो’बद्दल मात्र वाईट बातमी. युरोपच्या सेंद्रिय नियमांत अशा पेयांत कॅल्शियम, जीवनसत्त्वं वरून घालता येत नाहीत. काही उत्पादक कॅल्शियमनं भरलेलं समुद्री शेवाळ घालून वाट काढत होते, तीही २०२१ मध्ये न्यायालयानं बंद केली. तेव्हा बायोच्या शेजारचं स्वस्त, साधं पाकीट उलटून बघा: १०० मिलिलिटरला कॅल्शियम १२० मिलिग्रॅम असेल तर ते घ्या. गाईच्या दुधात साधारण तेवढंच असतं. आणि आयोडीनचं बघा. युरोपात लोकांना ते बरंचसं दुधातून मिळतं. मीठ आयोडीनयुक्त घेता ना?

दही ओटचं लागणार नाही. धरून ठेवायला लागतात तेवढी प्रथिनंच त्यात नाहीत, म्हणून पेज. बिनसाखरेचं सोया घ्या, ज्याच्या घटकांत फक्त पाणी आणि सोयाबीन असेल असं. कोमट करा, चमचाभर दही नाहीतर चार हिरव्या मिरच्यांचे देठ टाका आणि उबेत ठेवा. तिकडच्या थंडीत ओव्हनमधला नुसता दिवा लावून ठेवला तरी पुरे. देठांनी पहिलं दही नीट लागत नाही, तारही धरतं. ते टाकायचं नाही. त्यातलंच चमचाभर दुसऱ्या दिवशी विरजण. तिसऱ्या खेपेचं खाण्यासारखं होतं. कढी करणार असाल तर बेसन थोडं जास्त लावा, लवकर फुटते.

मी आता दूध घेत नाही. एकादशीला चालेल असं दूध कोणतं? सोया आणि ओट उपासाला कसे चालतील? आणि गणपतीत गोडाचं काय करू? (कुडाळ)

कुडाळातून हा प्रश्न! बाय, मी वेंगुर्ल्याची. आपल्याकडे गणपतीत घाटलं कशात होतं? शिरवाळ्या कशात बुडवून खातात, खापरोळी कशात भिजते? खाली गोव्यात मणगणं करतात, चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. सगळं नारळाच्या रसात, दुधाचा थेंब नाही कशातच. आपल्याला पर्याय शोधायचा नाहीय, आजीला विचारायचंय.

उपासाला सोया-ओट आमच्याकडेही चालत नाहीत. नारळाचा रस चालतो, शेंगदाण्याचं दूधही. दाणे भिजवून, साल काढून, वाटून, गाळून, दहा मिनिटं उकळायचं. प्रथिनं बऱ्यापैकी मिळतात. नारळाच्या रसाला मात्र रोजचं दूध समजू नका. त्यात स्निग्धांश भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम नावाला. उपासाच्या दिवशी, सणाला, सोलकढीला तो हवाच. रोज सकाळी पेलाभर नको.

आणि गुळाच्या गोडात रस फुटतो म्हणून पुष्कळ जणी घाबरतात. आई आधी पातळ रसात सगळं शिजवून घ्यायची, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याच्या. गूळ विरघळला की आच बारीक, मग पहिला दाट रस, आणि ढवळत एक वाफ. उकळी आणायची नाही, पातेलं लगेच खाली. तरी कधी तरी फुटायचाच. तेव्हा ती वरून वेलची जरा जास्त घालायची आणि वाढायच्या आधी पळीनं जोरात घोटायची.